७ नोव्हेंबरची दुसरी आठवण : कामगारांचे बाबासाहेब आणि आमचे सोलापूर

दरवर्षी ७ नोव्हेंबर आला की आपल्या वस्त्यांमध्ये विद्यार्थी दिवस साजरा होतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. २०१७ पासून महाराष्ट्र सरकारनेही हा दिवस मान्य केला आहे. वह्या वाटल्या जातात, वक्तृत्व स्पर्धा होतात, फोटोला हार घातला जातो. हे सगळे चांगलेच आहे. पण याच तारखेला, बरोबर ३८ वर्षांनी, तो शाळकरी मुलगा बॅरिस्टर आणि आमदार होऊन मुंबईच्या गिरणगावात संपावरच्या कामगारांमध्ये फिरत होता. ७ नोव्हेंबर १९३८ चा तो एक दिवसाचा संप एका कायद्याविरुद्ध होता. ही दुसरी आठवण आमच्याकडे निघत नाही. आम्ही सोलापूरकर तर गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या घरांतले, तरी आमच्याकडेही निघत नाही.

ती आत्ता काढायचे कारण सरळ आहे. केंद्र सरकारने २९ कामगार कायदे गुंडाळून चार संहिता केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्याचे जाहीर केले. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मान्यता दिली होती. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या मागांवर उभी राहणारी पोरे आणि घरात सुपात पाने-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बाया यांना या संहितांची नावेही नीट सांगितली गेलेली नाहीत. आपले कार्यकर्तेही या विषयावर बोलताना अडखळतात. संविधान म्हटले की आम्हाला दहा गोष्टी आठवतात, कामगार कायदा म्हटले की हा विषय लाल बावट्याचा, असे आम्ही मनातल्या मनात ठरवून टाकले आहे. बाबासाहेबांचे आयुष्य या बाजूने पुन्हा एकदा वाचले तर ती समजूत टिकत नाही.

सुभेदार रामजींचे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले ते परळच्या बाजूला, डबक चाळीत. पुढे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या मिळाल्या, आणि १९१२ पासून १९३४ पर्यंत, मधली परदेशातली वर्षे सोडली तर, बाबासाहेबांचा मुक्काम तिथेच होता. म्हणजे कोलंबियाचा विद्वान, लंडनचा डी. एस्सी., हायकोर्टाचा बॅरिस्टर ही सगळी बिरुदे मिळाल्यानंतरही हा माणूस गिरणी कामगारांच्या शेजारी राहत होता. पाळी सुटल्यावर जिन्यावरून चढणारी दमलेली माणसे, नाक्यावर बसणारा व्याजवाला पठाण, लाच घेऊन काम देणारा जॉबर, रोज सकाळी गिरणीच्या दरवाजात उभा राहणारा बदली कामगार, हे त्यांना कोणत्याही अहवालातून शिकावे लागले नाही. अर्थशास्त्र त्यांनी न्यूयॉर्क आणि लंडनला शिकले हे खरेच, पण मजुरी म्हणजे काय ते परळला कळले, असे आम्हाला वाटते.

सोलापूरशी त्यांचे नाते याच काळात जुळले. मे १९२४ मध्ये बार्शीला मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची परिषद भरली, तिला ते आले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सभेने ४ जानेवारी १९२५ ला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले ते आमच्या सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळले. मुंबई, पुणे सोडून सोलापूर का, असे आजची मुले विचारतात. त्या काळचे सोलापूर डोळ्यांपुढे आणले की उत्तर मिळते. मोरारजी गोकुळदासांच्या काळापासूनची जुनी गिरणी, नंतरच्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, त्यांच्या भोवती उठलेल्या चाळी आणि झोपड्या, दुष्काळात कोरडवाहू गाव सोडून आलेली माणसे. गावकीच्या कामातून सुटलेला महार-मांग मजूर इथे पहिल्यांदा रोख पगार हातात घेत होता आणि पोराला शाळेत घालायचा विचार करत होता. त्या पोराला राहायला जागा हवी होती.

पण गिरणीत आला म्हणजे जात सुटली असे झाले नाही, आणि बाबासाहेबांचा कामगार चळवळीशी पहिला खटका याच मुद्द्यावर उडाला. मुंबईच्या गिरण्यांत चांगली मजुरी साचेखात्यात, म्हणजे विणकामात होती. तिथे धोट्यातला धागा संपला की नवी बाबीण घालून धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लागेल म्हणून सवर्ण विणकरांनी ते खातेच अस्पृश्यांना बंद केले होते. मालकाचा तसा नियम नव्हता, बंदी सोबतच्या कामगारांची होती. आमच्या माणसांच्या वाट्याला कमी पैशाचे सूतकाताई खाते आले. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला, मागण्यांची लांब यादी निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की या यादीत हे का नाही. विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी घातली नाही तर आपली माणसे संपाला का साथ देतील, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मागणी शेवटी आली, पण मनापासून आली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. कर्जात बुडालेल्या, राखीव दाणागोटा नसलेल्या मजुराला लागोपाठच्या संपांची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते, हे ते पाहत होते. या भूमिकेसाठी त्यांना तेव्हाही शिव्या बसल्या आणि आजही काही मंडळी ती काढून दाखवतात. ती लपवायचे आम्हाला कारण दिसत नाही. संपाच्या हक्कासाठी पुढे ते ज्या ताकदीने उभे राहिले, ती ताकद संपाचे नुकसान जवळून पाहिलेल्या माणसाची होती.

त्याच १९२८ मध्ये, जुलैत, मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री कामगारांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणारे बिल आले. बाबासाहेब तेव्हा नेमलेले सदस्य होते. त्यांनी बिलाला पाठिंबा दिला आणि या खर्चाचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, मालकानेही वाटा घ्यावा, असे मांडले. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

त्या सुमारास त्यांच्याकडे आणखी एक काम आले, ज्याचा धागा पुन्हा सोलापूरला येऊन मिळतो. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष होते स्टार्ट साहेब, म्हणजे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी. बाबासाहेब तिचे सदस्य होते. या वसाहतींपैकी एक मोठी वसाहत आमच्या गावात होती. म्हातारी माणसे अजून तिला सेटलमेंटच म्हणतात. तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, आणि आतली माणसे गिरणीत कामाला. पगार मिळायचा, पण काम सोडून जायची सोय नव्हती. तारेच्या आतला हा गिरणी कामगार लक्षात ठेवून १९३८ कडे गेले पाहिजे. कायद्याच्या पुस्तकातला मोकळा मजूर आणि कुंपणातला मजूर यांच्यातला फरक कामाच्या तासांचा किंवा पगाराचा नव्हता. एकाला काम थांबवता येत होते, दुसऱ्याला नव्हते. बाबासाहेबांचा पुढचा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात आली नाही, मजूर आला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले आणि मुंबई इलाख्यात तो काँग्रेससमोरचा दखलपात्र विरोधी पक्ष झाला. सोलापूरचे वसतिगृह सांभाळणारे जिवाप्पा ऐदाळे आता कायदेमंडळात त्यांच्या बाजूच्या बाकावर होते. १९३८ चे साल तर आम्हाला फार जवळचे वाटते, कारण ते सुरू झाले आमच्या जिल्ह्यात. डिसेंबर संपता संपता बाबासाहेब पंढरपूरच्या परिषदेला आले, तिथून सोलापूरला, आणि जानेवारीच्या पहिल्या दिवसांत सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. लगेच १० जानेवारीला कोकणातल्या खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. १२ आणि १३ फेब्रुवारीला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी सांगितले की कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर समतेला नकार देणारी वृत्ती, हा खुलासाही त्यांनी तिथेच केला. तो खुलासा गाळून पहिलेच वाक्य फिरवणारे दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

सप्टेंबरमध्ये बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे बिल मुंबईच्या विधानसभेत आणले. नाव सुलहाचे होते. तंटा झाला तर आधी नोटीस, मग समेट अधिकारी, मग बोलणी, आणि ती चालू असेपर्यंत संप बेकायदा. बेकायदा संप करणाऱ्याला तुरुंग. शिवाय संघटनांच्या नोंदणीत दोन मापे होती. मालकाने मान्य केलेल्या संघटनेला थोड्या सभासदांवर नोंदणी मिळणार होती, आणि मालकाला नको असलेल्या संघटनेला बराच मोठा आकडा दाखवावा लागणार होता. म्हणजे गरीब गाय शोधून ठेवायची मुभा मालकाला.

१५ सप्टेंबरला बाबासाहेब या बिलावर बोलले. ते भाषण सरकारने छापलेल्या त्यांच्या ग्रंथमालेत आहे, ज्यांना शक्य आहे त्यांनी मुळातून वाचावे. आम्ही त्याचा गाभा आमच्या शब्दांत सांगतो. मजूर आणि मालक यांच्यात करार असतो. मजुराने काम थांबवले तर फार तर करार मोडला. करार मोडणाऱ्याविरुद्ध दिवाणी कोर्टात भरपाई मागता येते. व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याचा करार मोडतो तेव्हा त्याला कोणी तुरुंगात टाकत नाही, मग मजुराला का? काम थांबवले म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवायचे, याचा अर्थ त्याच्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचे, आणि इच्छेविरुद्धच्या कामाला जगात एकच नाव आहे, गुलामगिरी. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, हे त्यांनी इतक्या सरळ रीतीने मांडले की समोरच्या बाकावरच्या स्वातंत्र्यसैनिकांना उत्तर देणे जड गेले. शांततेसाठी बिल आहे असे सरकार म्हणत होते. शांतता हवी तर दोन्ही बाजूंना सारखे बांधा, हे बिल मजुराचे हात बांधून मालकाला हिशेब दाखवायलाही लावत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. जमनादास मेहतांसारखे इतर विरोधी सदस्यही त्यांच्याबरोबर होते. बिल तरीही बहुमताने पुढे सरकत राहिले.

मग ७ नोव्हेंबर. या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. दहा वर्षांपूर्वी धोट्यावरून ज्यांच्याशी भांडण झाले होते, त्यांच्याच शेजारी बाबासाहेब कामगार मैदानाच्या व्यासपीठावर बसले. डांगे, निंबकर, मिरजकर एका बाजूला आणि बाबासाहेब एका बाजूला, हे चित्र आमच्या कॅलेंडरांवर कधी छापले गेले नाही, त्यांच्याही नाही. त्या दिवशी मुंबईच्या बहुतेक गिरण्या थंड होत्या. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक गिरणीगिरणीच्या दारात उभे होते. बाबासाहेब स्वतः दिवसभर कामगार वस्तीत फिरले. काही ठिकाणी दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गोळीबार केला, माणसे जखमी झाली. संध्याकाळी प्रचंड सभा झाली. आणि कायदाही झालाच, १९३८ चा मुंबई औद्योगिक तंटे कायदा.

हरलेल्या लढ्याची आठवण कशाला, असे कोणी म्हणेल. त्या कायद्याची वंशावळ पाहिली की कळते. १९४६ मध्ये त्याच्या जागी मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, तोही काँग्रेसच्याच सरकारने आणला. एका गावात, एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना आणि वाटाघाटीचा हक्क तिलाच, ही पद्धत त्याने पक्की केली. गिरणी कामगार सरकारला सोयीच्या संघटनेत अडकले ते तिथे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या सुमारे अडीच लाख कामगारांनी दत्ता सामंतांना पुढारी केले, तरी कायद्याच्या लेखी त्यांची प्रतिनिधी दुसरीच संघटना राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. कामगार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे. १९३८ मध्ये विधानसभेत याच शक्यतेवर बोट ठेवले गेले होते.

संघटनेला मान्यता कोणी द्यायची, हा प्रश्न बाबासाहेबांनी सोडला नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. ज्याला लोक मंत्रिपद म्हणतात ती त्यांची चार वर्षे म्हणजे कायद्यांचा कारखाना होता. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाला बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरू लागली. रोजगार विनिमय केंद्रे निघाली. आरोग्य विम्याचा आराखडा अदारकरांकडून तयार झाला, ज्याचा पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या लाभात दुरुस्ती झाली. कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो १९४६ च्या दुरुस्तीने. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे बिल त्यांनी मांडले. ते १९४८ मध्ये कायदा झाले तेव्हा त्याच्या अनुसूचीत तंबाखू आणि विडीचे कारखाने होते. सोलापुरात हजार विड्यांमागे किती मिळणार यावर आजवर जितके मोर्चे निघाले, त्या सगळ्यांना कायद्याचा आधार होता तो या अनुसूचीचा.

एक गोष्ट मात्र अडचणीची आहे आणि ती सांगायला हवी. युद्धात कोळशाची टंचाई झाली म्हणून सरकारने खाणीत जमिनीखाली बायकांना काम देण्यावरची बंदी तात्पुरती उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयाचा बचाव मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना करावा लागला. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याची अट त्यांनी पुढे केली, निर्णय तात्पुरता असल्याचे सांगितले, आणि युद्धानंतर बंदी परत आलीही. तरी हा निर्णय त्यांच्या नावावर आहेच. परक्या सरकारात बसून काम करण्याची ती किंमत होती, असे आमचे मत. आमच्यातल्या काहींना ते पटत नाही.

८ नोव्हेंबर १९४३ ला त्यांनी ट्रेड युनियन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पाच वर्षांपूर्वीच्या संपाच्या तारखेला एक दिवस उलटला होता, हा योगायोगच असणार. १९२६ च्या मूळ कायद्याने संघटना नोंदवता येत होती, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे कुठेच नव्हते. पत्र पाठवा, मालक उत्तर देत नाही. शिष्टमंडळ न्या, फाटकावरून परत. बाबासाहेबांच्या बिलात तीन गोष्टी होत्या. अटी पुऱ्या करणाऱ्या संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, त्या अटी कोणत्या ते कायद्यातच लिहायचे, आणि मान्यता नाकारली तर मालकाचा तो गुन्हा. १९३८ मध्ये काम थांबवणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवले होते, इथे बोलणी नाकारणारा मालक गुन्हेगार ठरणार होता. मालकांच्या प्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. बिल फिरत राहिले, १९४६ मध्ये सुधारून पुन्हा आले, आणि १९४७ मध्ये कायदा म्हणून मंजूरही झाले.

त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी सोलापूरची एक गोष्ट. ऑगस्ट १९४९ मध्ये आमची जुनी गिरणी व्यवस्थापनाने बंद केली. हजारो माणसे रस्त्यावर आली. जानेवारी १९५० मध्ये, संविधान लागू व्हायला काही दिवस असताना, केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हातात घेतला आणि नंतर त्याचा कायदा केला. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. चिरंजितलाल चौधरी खटला म्हणून कायद्याची मुले तो आजही शिकतात. ४ डिसेंबर १९५० च्या निकालाने कायदा टिकला. पुढे १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात मात्र न्यायालयाने उलट धरले, भरपाई न देता मालमत्ता घेतली असे म्हटले, आणि १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे करावी लागली त्यात हा एक होता. नव्या प्रजासत्ताकात मालमत्तेचा हक्क मोठा की गिरणी चालू राहण्यातला कामगाराचा हक्क मोठा, या वादाच्या पहिल्या खटल्यांवर आमच्या गावाचे नाव आहे. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. मार्च १९४७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे संविधानातच लिहावे, असे सुचवले होते. संविधान सभेत ते आले नाही. संघटना स्थापन करण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आला, वेठबिगारीची बंदी २३ मध्ये आली, निर्वाह वेतन मार्गदर्शक तत्त्वांत गेले. संपाचा हक्क मूलभूत हक्कांत लिहिला गेला नाही, आणि १९६० नंतर न्यायालयांनी तो तसा नाही असे स्पष्ट सांगितले.

आता आजच्या संहितेकडे पाहू. औद्योगिक संबंध संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लावली आहे. आधी ही सक्ती फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती. नोटीस दिली की समेटाची कार्यवाही सुरू होते, आणि ती चालू असताना व संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. अर्ध्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप. बेकायदा संपाला एक हजारापासून दहा हजारांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. ले-ऑफ, कपात आणि कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागायची ती १०० कामगारांपासून. आता ३०० पासून. अक्कलकोट रस्त्यावरचे बहुतेक कारखाने इतके लहान आहेत की ते जुन्या मर्यादेतही क्वचितच बसत, हे खरे. पण जुन्या गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलेले ज्या गावाने पाहिले, त्याला हा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

संहितेत एक जमेची बाजू आहे आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणा होईल. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांची संघटना ही वाटाघाटीची एकमेव संघटना, आणि तशी कोणी नसेल तर २० टक्के गाठणाऱ्या संघटनांचे मिळून मंडळ, असे देशभरासाठी प्रथमच लिहिले गेले आहे. १९४३ च्या बिलातला मान्यतेचा विचार यात दिसतो. फरक असा की मान्यतेबरोबर तेव्हा मालकावर जबाबदारी येत होती, आता तिच्याबरोबर कामगारावर संपाची बंधने आली आहेत. आणि ज्या बाईचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, जी ठेकेदाराकडून पाने घेऊन घरी विड्या वळते, तिने ५१ टक्क्यांत कुठे मोजून घ्यायचे? १९६६ चा विडी कामगार कायदा घरखेपेच्या बायांनाही कामगार म्हणत होता. तो आता सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत मिसळला आहे. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांचा असल्याने राज्याचे नियम काय म्हणतात यावर तिचे बरेचसे अवलंबून राहील. हे नियम वाचणारे चार वकील आणि दहा कार्यकर्ते आपल्या बुधवार पेठेतून निघाले पाहिजेत, एवढी मागणी आम्ही आमच्याच लोकांकडे करतो.

बाबासाहेबांची शेवटची वर्षे आपल्या वाचकांना पाठ आहेत. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राजीनामा, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा, नोव्हेंबरमध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरचे भाषण. त्या भाषणातही विषय गरिबाच्या दुःखाचाच होता, प्रश्न फक्त मार्गाचा. शोषण संपवायचे हे दोघांना मान्य, पण हिंसेने आणि हुकूमशाहीने नव्हे, असे त्यांचे म्हणणे. सम्यक आजीविका ही अष्टांगिक मार्गातली पायरी आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो आणि तिचा अर्थ दारू, शस्त्रे विकू नका एवढाच धरतो. ज्याने चार वर्षे किमान वेतन आणि कामाच्या तासांची बिले लिहिली, त्याच्या मनात तिचा अर्थ इतका छोटा असेल असे आम्हाला वाटत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर जो जनसागर लोटला, त्यात परळ, लालबाग, नायगावचे गिरणी कामगार होते, सोलापूरहून मिळेल त्या गाडीने गेलेलेही होते. संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारी १९४७ ची दुरुस्ती तोपर्यंत कायद्याच्या पुस्तकात छापलेली होती. ती अमलात आणण्यासाठी सरकारने एक तारीख ठरवून अधिसूचना काढायची होती. त्या दिवसापर्यंत ती निघाली नव्हती, आणि नंतरही कधी निघाली नाही.